न दिसलेलं जनावर कसं मोजायचं

वन्यजीवांचा अभ्यास कसा आखावा हे शिकायचं तर लोक ताडोबा नाहीतर मेळघाट गाठतात. मला विचाराल तर यवतमाळ जिल्ह्यातलं मुकुटबन त्याहून बरं. झरी-जामणी तालुक्यातलं हे गाव माजरी-आदिलाबाद रेल्वेमार्गावर आहे. इथे चुनखडी आहे, सिमेंटचा कारखाना आहे, आसपास दगडी कोळशाच्या खाणी आहेत. दक्षिणेला पैनगंगा आणि पलीकडे तेलंगणा. मधल्या जागेत सागाच्या आणि झुडपी जंगलाचे तुकडे, त्यांना खेटून कपाशी आणि तूर, आणि या दोन्हींत बिनदिक्कत ये-जा करणारे वाघ, अस्वलं, रोही, रानडुकरं. अभयारण्यासारखं इथे फाटक नाही, सफारीचा रस्ता नाही. पुस्तकातली कुठलीही पद्धत इथे आणली की पहिल्या सकाळीच तिचा कस लागतो.

वनरक्षक, प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आणि गावातली तरणी पोरं यांना एकत्र बसवून शिकवताना जे उमगलं ते इथे लिहिते. मुद्दे सारख्या लांबीचे नाहीत. काही गोष्टी दोन वाक्यांत संपतात, काहींना अख्खी सकाळ लागते.

१. प्रश्न ठरेपर्यंत कॅमेरा पिशवीतच राहू द्या

पहिल्या दिवशी प्रत्येकाला आपला प्रश्न एका ओळीत लिहायला सांगते. बहुतेक कागदांवर येतं, "मुकुटबन परिसरातील वाघांचा अभ्यास." हे शीर्षक झालं, प्रश्न नव्हे. वाघाचं काय? किती आहेत, की कुठे फिरतात, की काय खातात? किती हे हवं असेल तर पट्ट्यांवरून एकेक वाघ वेगळा ओळखता येईल असे फोटो लागतील. वावर कुठे आहे एवढंच हवं असेल तर पायी फिरून खुणा शोधल्या तरी भागतं. काय खातो हे हवं असेल तर विष्ठा गोळा करा, धुवा, वाळवा आणि त्यातले केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून कोणत्या प्राण्याचे ते ओळखा. तिन्ही कामं एकाच महिन्यात, एकाच तुकडीनं करायला घेतली की तिन्ही अर्धी राहतात.

एका वनरक्षकानं लिहिलेला प्रश्न मला अजून आवडतो. "गुरं नाल्याच्या काठी जास्त मारली जातात की उघड्या पडीत?" याचं उत्तर कसंही आलं तरी गुराख्याला दुसऱ्या दिवशी सांगण्यासारखं काहीतरी हाती लागतं. पण यातली मेख त्याला तिथेच दाखवावी लागली. मेलेल्या गुरांच्या जागा नकाशावर टाकल्या आणि बहुतेक नाल्याकाठी निघाल्या, म्हणून नाला धोक्याचा ठरत नाही. उन्हाळ्यात गुरं मुळात दिवसभर नाल्यातच बसतात. तेव्हा जिथे गुरं चरली आणि काहीही झालं नाही, त्या जागाही तितक्याच नेमानं नोंदवायला हव्यात. मेलेल्या गाईची फाईल होते. जिवंत परतलेल्या कळपाची कोणी फाईल करत नाही, आणि अभ्यासाला नेमकी तीच लागते.

नुकसानभरपाईच्या नोंदीही याच नजरेनं वाचाव्यात. गाय जिथे चरायला नको होती तिथे मेली, तर मालक कधी कधी तक्रारच करत नाही. रजिस्टरमध्ये वाघाचा स्वभाव असतो तसा माणसाचाही असतो.

२. शितावरून भाताची परीक्षा करा, पण शीत कुठून उचललं ते सांगा

पातेल्याच्या कडेचं शीत उचललं तर भात कच्चा, तळाचं उचललं तर करपलेला. जंगलाचं तेच. सगळं जंगल कोणी चालू शकत नाही, म्हणून नमुना घ्यायचा. नमुना निवडण्याचं काम आपल्या पायांवर सोडलं की ते आपसूक रस्त्याकडे, सावलीकडे आणि पाणवठ्याकडे वळतात. पाणवठ्यावर जनावर दिसणारच. त्या आकड्यानं सबंध रेंज गुणायची म्हटलं तर कागदावर प्राण्यांची जत्रा भरते.

म्हणून नकाशावर आधी चौकटी आखायच्या, त्यांना क्रमांक द्यायचे आणि कोणत्या चौकटीत जायचं ते चिठ्ठ्यांनी ठरवायचं. किंवा पहिली चौकट चिठ्ठीनं काढून पुढे ठरावीक अंतरानं घेत जायचं. हे वर्गात सगळ्यांना पटतं. दुसऱ्या दिवशी जीपीएसवर बिंदू शोधत गेलं की कुरकुर सुरू होते. एक बिंदू घाणेरीच्या जाळीत पडलेला असतो, एक कोणाच्या तरी उभ्या कपाशीत, एक खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यावर. "ताई, जरा बाजूला घेऊ ना, तिकडे काय असणार?" तिकडे काय असणार हे ठाऊक असतं तर अभ्यासच कशाला हवा होता!

खाणीत शिरता येत नाही हे मान्य. पण अशा वेळी काय करायचं तो नियम घरून निघायच्या आधी लिहिलेला हवा. राखीव बिंदूंची यादी बनवायची, तिच्यातला पुढचा बिंदू घ्यायचा आणि सोडलेल्या बिंदूपुढे कारण लिहायचं. जागेवर उभं राहून घेतलेला निर्णय बहुतेक वेळा पायांच्या सोयीचा असतो.

३. दिसलं ते लिहा, पण न दिसलेल्याचा हिशेब मांडा

हा सगळ्यात लांबणारा मुद्दा, आणि सगळ्यात उशिरा पचणारा.

आपल्या देशानं हा धडा महागात घेतला. ओडिशातले वन अधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ मध्ये वाघाच्या ठशांवरून मोजणी करण्याची रीत घालून दिली. काचेवर ठसा उतरवायचा, प्लॅस्टरमध्ये साचा घ्यायचा आणि ठशांवरून एकेक वाघ ओळखायचा. पुढे काही दशकं देशभर हेच चाललं. यात गृहीत असं, की प्रत्येक वाघाचा ठसा सापडतोच आणि तो ओळखता येतो. मुकुटबनच्या काळ्या मातीत पाऊस पडून गेल्यावर उमटलेला पंजा पसरट दिसतो. तोच वाघ नाल्याच्या कोरड्या वाळूतून गेला तर कडा ढासळतात, आणि सागाच्या पाचोळ्यावरून गेला तर काहीच उरत नाही. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, तोवर कागदावर मात्र वाघ होते. त्यानंतर २००६ च्या गणनेपासून पद्धत बदलली. त्याच्या दहाएक वर्षं आधी के. उल्लास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत कॅमेऱ्यांनी वाघ मोजून दाखवले होते. तो मार्ग पुढे देशभर आला.

कॅमेऱ्यांमागचं गणित फळ्यावर असं मांडते. समजा पहिल्या फेरीत आठ वेगवेगळे बिबट टिपले गेले. दुसऱ्या फेरीतही आठ टिपले, त्यातले चार आधीचेच. म्हणजे दुसऱ्या फेरीत आलेल्यांपैकी निम्मे आपल्या ओळखीचे. मग पहिल्या फेरीतले आठ हेही एकूण संख्येच्या साधारण निम्मे असावेत, म्हणून एकूण सोळा. प्रत्यक्ष डोळ्यांना बारा दिसले, उरलेले चार गणितानं दाखवले. वर्गात या क्षणी कोणीतरी हमखास विचारतं, "न पाहिलेले चार खरे कशावरून?" विचारणाऱ्याला पुढच्या बाकावर बसवते. कारण याच प्रश्नातून पुढची सगळी पथ्यं निघतात: दोन फेऱ्यांच्या मधे जनावरं बाहेर जाऊ-येऊ नयेत, ओळख चुकू नये, एकदा फोटो निघाल्यानं जनावर कॅमेऱ्याला टाळू लागू नये. यातलं एक जरी सुटलं तरी सोळाचे पंचवीस होतात नाहीतर दहा.

चितळ-रोह्यांना पट्टे नाहीत, असले तरी एकेकाची ओळख पटवण्याचा खटाटोप परवडत नाही. त्यांच्यासाठी सरळ रेषेवरून चालायचं. वन खात्यात तिला ट्रान्सेक्ट लाईन म्हणतात. राष्ट्रीय व्याघ्रगणनेत ती साधारण दोन किलोमीटरची असते आणि सकाळी पुन्हा पुन्हा चालली जाते. नवख्याला वाटतं, चालायचं आणि डोकी मोजायची. खरी नोंद डोक्यांची नसून अंतराची असते. कळप दिसला की लेझर रेंजफाइंडरनं अंतर घ्यायचं, होकायंत्रानं कोन घ्यायचा. कळप ६० मीटरवर आणि रेषेशी ३० अंशांचा कोन, तर रेषेपासूनचं काटकोनातलं अंतर ३० मीटर. अशी बरीच अंतरं जमली की दिसतं, रेषेजवळचं बहुतेक सगळं टिपलं जातं आणि जसजसं दूर जावं तसं निसटत जातं. किती निसटलं ते या उतारावरूनच कळतं. त्यासाठी एका जातीच्या साठ-ऐंशी तरी नोंदी लागतात. दोन सकाळी चालून पाच कळप दिसले तर घनतेचा आकडा काढायच्या फंदात पडू नये.

आणि अंतर कुठून कुठवर? जनावर पहिल्यांदा दिसलं त्या जागेपर्यंत. पळून जाऊन थांबलं त्या जागेपर्यंत नाही. फेब्रुवारीत इथे सागाची पानं गळून पायाखाली पापडासारखी वाजतात. तुम्ही चितळाला पाहायच्या कितीतरी आधी चितळानं तुम्हाला ऐकलेलं असतं. आमच्यासोबत चालणारा एक वयस्क कोलाम गडी अशा वेळी पाऊल उचलतच नाही, पंजा घासत पुढे सरकवतो. मी पोरांना म्हणते, रेंजफाइंडर नंतर शिका, आधी हे शिका. त्याला कळप दिसला की तो बोट दाखवत नाही, नुसती मान वळवून थांबतो. बाकीच्यांना दिसेपर्यंत रोही चार पावलं सरकलेला असतो. म्हणून नोंद त्याच्या पहिल्या नजरेची घ्यायची, कारण नियम पहिल्या नजरेचा आहे.

४. शून्यही लिहायचं असतं

पाच किलोमीटर चाललो, काही सापडलं नाही, म्हणून तक्ता भरलाच नाही. ही सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. कोरा तक्ता म्हणजे गेलो नाही. शून्य म्हणजे गेलो, शोधलं, मिळालं नाही. दोन्हींतलं अंतर फार मोठं.

समजा वाघाचा वावर असलेल्या भागात एका फेरीत खूण सापडण्याची शक्यता १०० पैकी ४० आहे. तीन फेऱ्या करूनही हात रिकामे राहण्याची शक्यता १०० पैकी जवळपास २२ उरते. पाच फेऱ्यांनी ती आठावर येते. म्हणजे एका फेरीनंतर "या बीटमध्ये वाघ नाही" असं लिहिणाऱ्याला कोणी विचारलं पाहिजे, "बाबा, किती वेळा गेलास?" आणि या हिशेबासाठी प्रत्येक फेरीचं शून्य वेगवेगळं लिहिलेलं लागतं, शेवटी एकत्र करून टाकलेलं चालत नाही.

५. एकाच नाल्यावरचे दहा कॅमेरे म्हणजे दहा पुरावे नव्हेत

एकच वाघ संध्याकाळी नाल्यातून उतरला आणि दहा कॅमेऱ्यांनी त्याला टिपला. फोटो दहा, माहिती एक. स्टुअर्ट हर्लबर्ट या अमेरिकी परिसर-शास्त्रज्ञानं १९८४ मध्ये या खोट्या पुनरावृत्तीवर लेख लिहिला. चाळीस वर्षं उलटली तरी प्रबंधांतून ती काही गेलेली नाही. खाणीजवळ कमी जनावरं आणि खाणीपासून दूर जास्त, असं दाखवायचं असेल तर एका खाणीभोवती पन्नास बिंदू घेऊन भागत नाही, खाणीच अनेक हव्यात. तेवढ्या नसतील तर दावा त्या एकाच खाणीपुरता ठेवावा.

६. कॅमेरा लावणं ही हातकामाची गोष्ट आहे

हे वाचून येत नाही. पायवाटेपासून तीन-चार मीटरवर, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर झाडाला बांधायचा. वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे सारखे नसतात. डावीकडून टिपलेला आणि उजवीकडून टिपलेला एकच, हे जोडीशिवाय सांगता येत नाही. दोन कॅमेरे अगदी समोरासमोर नकोत, थोडे सरकवून लावायचे, नाहीतर एकाचा झोत दुसऱ्याचा फोटो पांढरा करतो. पूर्व-पश्चिम तोंड शक्यतो टाळायचं. समोरची गवताची पाती कापायची, एक कुसळ वाऱ्यावर हललं तरी रात्रभरात कार्ड भरतं. मग गुडघ्यांवर रांगत स्वतः कॅमेऱ्यापुढून जायचं. या परीक्षेला पोरं हसतात, पण रांगल्याशिवाय मी पुढच्या झाडाकडे जाऊ देत नाही.

तारीख आणि वेळ दोनदा तपासायची. पहिला फोटो पाटीचा घ्यायचा, तिच्यावर जागेचा क्रमांक आणि दिनांक खडूनं लिहिलेला.

विदर्भाचा म्हणून एक वेगळा ताप आहे. हे कॅमेरे अंगाची ऊब आणि हालचाल यांवर चालतात. मे महिन्यात दुपारी हवाच अंगाइतकी तापते, मग समोरून अस्वल गेलं तरी कॅमेरा झोपलेला. उन्हाळ्यातल्या दुपारच्या रिकाम्या तासांवरून "दुपारी प्राणी फिरत नाहीत" असा निष्कर्ष काढण्याआधी हे ध्यानात ठेवावं.

आणि माणसं. मोह वेचायच्या दिवसांत आणि पुढे तेंदूच्या हंगामात कॅमेऱ्यात वाघापेक्षा माणसं कितीतरी जास्त येतात. सरपणाला निघालेल्या बाया येतात, आडोसा शोधणारेही येतात. असले फोटो पाहायचे नाहीत, दाखवायचे तर मुळीच नाहीत, काढून टाकायचे. कॅमेरे लावण्याआधी गावात सांगायचं आणि कॅमेऱ्याजवळ मराठीत पाटी लावायची. हे न करता कॅमेरा चोरीला गेला म्हणून ओरडणाऱ्यांबद्दल मला फारशी सहानुभूती वाटत नाही.

७. माणसांना विचारताना उत्तर आधीच हातात देऊ नका

"तुमच्याकडे वाघ येतो ना?" हा प्रश्न नाही, आमंत्रण आहे. ज्याची गाय गेली तो हो म्हणणार, ज्याचं सरपण बंद होईल तो नाही म्हणणार. पांढरकवडा वन विभागात टी-१ वाघिणीचं प्रकरण २ नोव्हेंबर २०१८ ला तिला गोळी घातल्यावर संपलं असं कागद म्हणतात. गावांत ते संपलेलं नाही. तेरा माणसांचे मृत्यू तिच्या नावावर मांडले गेले होते. "खातं बाहेरून वाघ आणून सोडते" ही अफवा मी अजूनही पारावर ऐकते, आणि गळ्यात दुर्बीण अडकवलेला कोणीही त्या अफवेतलं एक पात्र असतो.

म्हणून आधी पिकाचं विचारायचं. मग डुकरांचं, रोह्यांचं. मग चित्रं पुढे ठेवायची: तडस, बिबट, रानकुत्रा, चौशिंगा. त्यात इथे असूच शकत नाही असं एक, हिमबिबट्याचं, मुद्दाम घालायचं. जो तेही "हाय ना, रोजच दिसते" म्हणतो त्याच्या बाकीच्या उत्तरांपुढे छोटी खूण करून ठेवायची. त्याला खोटारडा म्हणायचं नाही. पाहुण्याला नाही कसं म्हणावं, हा त्याचा अडसर असतो.

"शेवटचा कधी पाहिला?" यालाही महिन्यात उत्तर मिळत नाही. पोळ्याच्या आधी की नंतर, कापूस वेचताना की पऱ्हाटी उपटताना, असं विचारलं की नेमकं सांगतात. कोलाम आणि गोंड वस्त्यांवर प्राण्यांची नावं आधी त्यांच्या बोलीत विचारून घ्यावीत. एका घरात एकाशीच बोलून थांबू नये. जागलीला मळ्यात रात्र काढणारा मुलगा जे पाहतो ते ओसरीवरच्या म्हाताऱ्याला ठाऊक नसतं, आणि पहाटे मोह वेचणारी बाई जे पाहते ते दोघांनाही.

८. वाघाच्या आधी करंट आणि अस्वल

नव्या पोरांना वाघाची भीती असते. ज्याची धरायला हवी त्याची नसते. रानडुकरं आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून काही शेतांच्या तारांत रात्री चोरून थेट वीज सोडतात. झटका मशीनचा नुसता चटका बसतो, थेट विजेनं मात्र वाघही मेले आहेत आणि माणसंही. सूर्य मावळल्यावर अनोळखी शेताच्या बांधानं चालायचं नाही. दिवसाही तार ओलांडायची वेळ आली तर आधी मालकाला विचारायचं.

दुसरं अस्वल. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली पहाटे ते आणि बाया एकाच वेळी येतात. इथली माणसं वाघाचं नाव हळू आवाजात घेतात, पण रस्ता बदलतात तो अस्वलासाठी. झाडीत शिरताना बोलत जावं. रेषेवर शांत चालावं लागतं, तेव्हा पुढे जंगल ओळखणारा माणूस हवाच. एकट्यानं कुठेच नाही.

गुहा, पिल्लं, नेहमीची बसायची जागा यांचे जीपीएस आकडे मोबाईलवरच्या गटात टाकायचे नाहीत. मुकुटबन वनपरिक्षेत्रातच एप्रिल २०२१ मध्ये एका गर्भार वाघिणीला गुहेत कोंडून मारलं आणि तिचे पंजे कापून नेले. त्यानंतर हा नियम कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

परवानग्यांचं एका ओळीत: नागपूरच्या प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्या कार्यालयातून येणाऱ्या कागदाला लागतो तेवढा वेळ लागतो, तेव्हा हंगामाचं गणित त्या कागदापासून मांडायला घ्या.

९. जंगलाची हद्द कागदावरची, जनावराची नाही

टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटर. तिथला एक तरुण नर २०१९ च्या उन्हाळ्यात निघाला. त्याच्या गळ्यात भारतीय वन्यजीव संस्थेचा रेडिओ कॉलर होता, म्हणून त्याची वाट कळली. शेतं, नाले, रस्ते, गावांच्या शिवा ओलांडत, तीन हजार किलोमीटरांहून जास्त चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन राहिला. कॉलर नसता तर वाटेतल्या गावांना तो कधी आला-गेला हेही समजलं नसतं.

त्याच्या आधीचं उदाहरण मला प्रशिक्षणासाठी जास्त उपयोगाचं वाटतं. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले खोऱ्यात कॅमेरे लावले ते उसात आणि बांधावर. जिथे जंगली जनावर नाही असं सगळे धरून चालले होते, तिथे दर १०० चौरस किलोमीटरमागे बिबट्यांची घनता ४.८ निघाली. २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. या कामात नवा कॅमेरा नव्हता की नवं गणित नव्हतं. नवी होती ती नमुन्याची जागा. बिबट जंगलातच राहतो असं गृहीत धरून फक्त जंगलात कॅमेरे लावणाऱ्याला बिबट जंगलातच सापडणार.

मुकुटबनमध्ये चौकटी आखताना म्हणूनच मी वनखात्याच्या नकाशातला हिरवा रंग सोडून बाहेर यायला सांगते. तूर माणसापेक्षा उंच वाढते आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी असते. तेवढे महिने तिथे एखादं जनावर दिवसभर बसू शकतं. कापणी झाली की तीच जागा उघडी-बोडकी. एकाच चौकटीची दोन हंगामांतली दोन रूपं, आणि एका हंगामाची पाहणी दुसऱ्याला लागू नाही.

१०. आकडा मागणाऱ्याला पट्टा द्या

अहवाल सांगायला ग्रामपंचायतीत गेलं की सरपंच म्हणतात, "लंबं चवडं नका सांगू जी ताई, एक आकडा सांगा." त्यांचंही बरोबर आहे, त्यांना पुढे चार लोकांना तो सांगायचा असतो. एक आकडा दिला की काय होतं ते २०२३ मध्ये सगळ्या देशानं पाहिलं. ९ एप्रिलला म्हैसूरला जाहीर झालं, २०२२ च्या गणनेनुसार देशात किमान ३,१६७ वाघ. जुलैअखेरीस सविस्तर अहवाल आला, त्यात सरासरी ३,६८२ आणि वरची मर्यादा ३,९२५. तीन-साडेतीन महिन्यांत पाचशे वाघ वाढले कसे, असं मला सुशिक्षित माणसांनी विचारलं. वाघ तेवढेच होते. पहिला आकडा पट्ट्याचं खालचं टोक होता, दुसरा मधला. महाराष्ट्राचे ४४४ वाचतानाही मागेपुढे अशी जागा आहे हे धरूनच वाचावं.

म्हणून गावात सांगताना आम्ही जमिनीवर काठीनं आडवी रेघ ओढतो. इकडचं टोक इतके, तिकडचं टोक इतके, आणि आमचा अंदाज इथे कुठेतरी. रेघ आखूड असेल तर आमची खात्री जास्त, लांब असेल तर कमी. हे समजायला कोणाला अडचण पडलेली मी पाहिली नाही. एकरी किती क्विंटल कापूस होईल, असं शेतकऱ्याला ऑगस्टमध्ये विचारा. तोही एक आकडा सांगत नाही, "चार ते सात" म्हणतो, आणि पाऊस बघू म्हणतो.

अहवालाची एक मराठी प्रत ग्रामपंचायतीत, एक वनपरिक्षेत्र कार्यालयात आणि एक शाळेत ठेवायची. तिच्यात कोणत्या चौकटी सोडल्या आणि का सोडल्या ते पान पहिलं लावायचं, शेवटच्या जोडपत्रात टाकायचं नाही. तीन वर्षांनी दुसरी तुकडी येईल तेव्हा तिला वाघांच्या आकड्याआधी ते पान लागेल.